फक्कीने आखलेलं स्वयंपाकघर

आधी शमीमआपांचं नाव लिहिते, मग बाकीचं. नांदेडच्या शमीमआपा. कोचिंग क्लासच्या पोरापोरींना डबे देणाऱ्या बायकांमध्ये त्यांना सगळ्या मानतात. पुढं मी जे सांगणार आहे, त्यातलं चांगलं झालं ते त्यांच्यामुळं. नंतर लिहू म्हटलं तर लिहिण्याच्या नादात त्यांचं नाव मागं पडेल अशी भीती वाटते. भीती मला सगळ्याचीच वाटते. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून गॅस बंद केलाय का बघून आले.

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा असं सांगणारा फोन आला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, साहेब, माझं शिक्षण सातवी. ते म्हणाले, मग सातवीतल्या पोरीला कळेल असं लिहा. हे जमेल असं वाटलं.

माझं गाव औसा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. शाळा पडली. काही महिन्यांनी ती पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा भरली, पण मी गेले नाही. घरात माणसं कमी झाली होती आणि कामं तेवढीच होती. पुढं लग्न झालं, नवरा गाडी चालवायला बंगळूरला आला, त्याच्या मागं मी आले. घरी मराठी, शेजारच्या मुसलमान घरांतली दखनी हिंदी आणि सीमेजवळच्या मामाच्या गावामुळं थोडी कानडी, एवढीच माझी शिदोरी. तिच्यावर मला नोकरी लागली. एका डिझाइनच्या ऑफिसला मराठवाड्यातल्या बायकांशी फोनवर बोलणारी बाई पाहिजे होती.

गावाकडं कुणी विचारलं, की मी सांगते, फोनवर बोलायचं काम आहे. माझी आत्या म्हणाली, "बोलायचा पगार मिळतो व्हय? मग आमच्या गल्लीत समद्या बायका साहेब व्हायला पाहिजेत." आत्याला सांगितलं, पगार ऐकण्याचा आहे. 

काम असं आहे. एखादी वस्तू, जागा, यंत्र, दवाखान्यातली खिडकी, काहीही बनवायच्या आधी ते वापरणाऱ्या माणसाला विचारायचं. साथीमुळं रस्ते बंद होते त्या काळात हे विचारणं फोनवरून सुरू झालं आणि मग तसंच राहिलं. लांबून विचारायचं म्हणजे काळजी जास्त. समोरची बाई मान हलवते ते दिसत नाही. तिच्या शेजारी कोण बसलंय तेही दिसत नाही. ज्याच्या हातात फोन त्याचंच म्हणणं पोचतं, आणि आमच्याकडं फोन बहुतेक वेळा तिच्या हातात नसतो. म्हणून फोन तिच्याकडं कधी असतो ते आधी शोधायचं. "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारायचं नाही, "काल काय काय केलं?" असं विचारायचं. आणि जी चारचौघींत बोलली तिला नंतर एकटीला परत फोन करायचा. एवढंच. ऑफिसात याला मोठी इंग्रजी नावं आहेत, ती मला अजून नीट म्हणता येत नाहीत.

गमती पुष्कळ होतात. मुखेडची एक आई रोज मला फोन करायची. तिची पोरगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. मीच डबा पाठवते असा तिचा पक्का समज. "बाई, भाजीत तिखट हाय का पाणी? पोरगी वाळून चालली." मी बंगळूरला बसून काय करणार? पण तिची तक्रार ऐकून डबा देणारीला सांगितली, तिखट वाढलं, आणि त्या माउलीचा समज कायमचा पक्का झाला. अजूनही संक्रांतीला तिचा फोन येतो.

अहमदपूरला एका घरी सुनेशी बोलायचं होतं. सासऱ्यांनी फोन उचलला. "तिला काय इचारायचं? मी हाय ना. इचारा." बरं म्हटलं. विचारलं, "मामा, चुलीवर तवा ठेवल्यावर भाकरी टाकायच्या आधी तुम्ही काय करता?"  "म्हंजे... तापू देतो." "तापला हे कसं ओळखता?"  मामांनी तोंड वळवून घरात हाक मारली, "ए पोरी, घे गं, तूच बोल. लई बारीक इचारून राहिलीय ही." सून तोंडावर पदर धरून हसत असावी. पुढं ती पोटभर बोलली.

आता नांदेडचं सांगते.

लातूरला क्लास वाढले, मग नांदेडला वाढले. गल्लीगल्लीत खोल्या, खोल्यांत चार-चार पोरं, आणि त्या पोरांच्या पोटासाठी डबे. डबे करणाऱ्या बायकांत काही शहरातल्या जुन्या मुसलमान घरातल्या, काही खेड्यातून आलेल्या, नवरा बांधकामावर नाहीतर हमालीला. सगळ्या आपापल्या भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करायच्या. धुरावरून, वासावरून, सांडपाण्यावरून घरमालक रोज बोलायचे. दोघींना खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. एका संस्थेनं ठरवलं, यांना मिळून एक मोठं स्वयंपाकघर बांधून द्यायचं. नकाशा आमच्या ऑफिसनं करायचा, बायकांना विचारून. विचारायचं काम माझ्याकडं.

मला झोप लागेना. कारण सांगते.

भूकंपानंतर आम्हाला नवीन घर मिळालं. लांबच्या माणसांनी बांधून दिलं. डोक्यावर छप्पर आलं, ते उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्या घरातल्या स्वयंपाकघरात माझ्या आईनं एक दिवस चूल पेटवली आणि डोळे पुसत बाहेर आली. वाऱ्याची बाजूच तिकडं होती, सगळा धूर उलटा आत. तेव्हापासून आई परसात पत्रा टाकून स्वयंपाक करायची आणि स्वयंपाकघरात कडबा राहायचा. घर बघायला पाहुणे आले, त्यांनी विचारलं, "कसं आहे घर?" आई म्हणाली, "लई छान हाय." आमच्याकडं देणाऱ्याच्या तोंडावर दुसरं काही बोलत नाहीत. आता या नांदेडच्या बायकांच्या नशिबी तसंच कडब्याचं स्वयंपाकघर आलं तर? आणि या वेळी विचारणारी मी असणार. घरमालकांनी खोल्या काढून घेतल्या आणि नव्या जागेत काम जमलं नाही, तर त्यांचे डबेच बंद पडले असते.

मी प्रत्येकीला फोन केले. आपा दुपारी घरोघर जायच्या, स्वतःचा फोन बाईच्या हातात द्यायच्या आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहायच्या. मुद्दाम बाहेर, म्हणजे बाई मोकळी बोलेल. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.

सगळ्या मोकळ्या बोलल्या. एका गोष्टीवर तर सगळ्यांचं एकमत. कमलबाई भाकरीवाल्या, त्यांचे डबे शाकाहारी. त्या म्हणाल्या, "मधी भित्त पायजे बघा ताई. त्यायला बी बरं, आमाला बी बरं." कौसर सालन करायची, तिच्याकडं कोंबडी-मटणाचे डबे. ती म्हणाली, "बीच में दीवार होना, बाजी. उनको अच्छा लगेगा." बाकीच्याही तेच. मी तसं लिहून दिलं.

आमच्या नंदिनी मॅडमनी नकाशा काढला. बाई मनानं फार चांगली, माझ्याशी कानडीत बोलते, माझ्या चुकलेल्या कानडीला हसत नाही. मधोमध छतापर्यंत भिंत, दोन बाजूंना दोन दारं, दोन्हीकडं सारखी जागा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. नकाशा आपांच्या फोनवर गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे निरोप आले: लई छान.

 आपांना फोन लावला. म्हटलं, "आपा, सगळ्या छान म्हणतायत."

"फिर? छान हाय तर छान म्हनतील."

"आपा, माझी आई बी छान म्हणली होती." आणि मी त्यांना कडब्याचं सगळं सांगितलं. संस्थेची माणसं पुढच्या आठवड्यात नकाशा पक्का करणार होती. त्यानंतर खड्डे खोदायचे, सिमेंट पडायचं.

आपांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बेटा, डब्याच्या आधी म्या लई वर्सं ब्लाऊज शिवले. बाईला कागदावर गळा दाखवला की हौ म्हनती. कपडा अंगाला लावून दाखवला की मग खरं बोलती, हिथं आवळतंय, तिथं लोंबतंय. ये कागज अंग को लगाव."

"म्हंजे?"

"म्हंजे जमिनीवर काढ. जितकं बांधनार तितकंच."

नंदिनी मॅडमना सांगितलं तर त्या आनंदानं खुर्चीतून उठल्याच. पण आम्हाला जायला वेळ नव्हता, सगळं फोनवरूनच करायचं होतं. लग्नाच्या शादीखान्यामागचं पटांगण आपांनी मागून घेतलं. मैदान आखायची पांढरी फक्की आणली. मोजायला त्यांचा शिलाईचा टेप. मॅडम कानडीत सांगणार, मी मराठीत सांगणार, आपा टेप धरणार आणि कमलबाई फक्की टाकणार. कमलबाईंचा हात रांगोळीचा. भिंतीच्या रेघेला कोपऱ्यावर आपोआप वळण यायचं.

"कमल, भिंत हाय ती, येल नको काढू!" आपा ओरडायच्या.

"सरळ रेघ काढायला मी काय तलाठी हाय का?"

शेवटी सगळं आखून झालं. दारं, मोऱ्या, ओटे, मधली भिंत. आपांनी फोन शिडीला ओढणीनं बांधला आणि आम्हाला बंगळूरला सगळं पटांगण दिसायला लागलं. मॅडमनी त्याचं चित्रणही सुरू केलं. बायका आपापल्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. हात बांधून, प्रार्थनेला उभं राहावं तशा.

मॅडम म्हणाल्या, त्यांना सांग, समोर शेगडी आहे असं समजून काम करा. मी सांगितलं. कुणी हलेना.

कमलबाई म्हणाल्या, "ताई, समजून काय करायचं? मोकळ्या हातानं बाई हुबी राहिली की फोटू काढाय बसल्यागत वाटतंय." आणि पुढं, "दुपारचे डबे बी व्हायचेत माझे. म्या माझं पीठ घेऊनच येते."

मी नको नको म्हणेपर्यंत त्या गेल्यासुद्धा. त्यांच्यामागं कौसर गेली. थोड्या वेळात पटांगणात परात आली, तवे आले, कांद्याची पिशवी आली, रिक्षातून शेगड्या आणि सिलिंडर आले. फक्कीच्या ओट्यावर खराखुरा जाळ पेटला. मॅडमनी कपाळाला हात लावला.  उघड्यावर गॅस, वारा, आणि काही झालं तर नाव ऑफिसचं. मी ओरडले, "आपा, थांबवा त्यांना!"

आपा फोनजवळ आल्या. त्यांचा चेहरा एकदम मोठा दिसला. "रेखाबेटा, आडोशाला पत्रे लावलेत, नळ बाजूला हाय, म्या हाय. तू आता चूप बस आनि नुसतं बघ."

मी चूप बसले. नोकरीत पहिल्यांदाच एवढा वेळ चूप बसले असेन.

काय बघितलं ते कसं सांगू! भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागला आणि बायकांची तोंडं सुटली. इतके दिवस फोनवर मी ज्यांच्याशी बोलत होते त्या या नव्हत्याच. कमलबाई रेघेपलीकडं बघून म्हणाल्या, "कौसर, कांदा चिरती का रडती गं?"

"तुमच्या भाकरीची सूरत देखके रोना आया, मावशी."

"माझी भाकर फुगलीय, तुझं तोंड फुगलंय."

पिठाला आधण पाहिजे म्हणून कमलबाई उठल्या आणि आपलं पातेलं कौसरच्या शेगडीवर तापवून घेऊन आल्या. कौसरची काडेपेटी ओली झाली, ती इकडून घेऊन गेली. कौसरची तान्ही पोर रडायला लागली तर इकडच्या एका मावशीनं ती घेतली, मांडीवर टाकली, आणि पुन्हा तिकडं दिली. मॅडम पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. मला म्हणाल्या, "रेखा, त्या मधल्या जागी दार आहे का?"

"नाही मॅडम. भिंत आहे."

"मग या सगळ्या भिंतीतून कशा जातायत?"

मी बघितलं. पटांगणभर फक्की पांढरीशुभ्र होती. मधल्या भिंतीची रेघ मात्र एका जागी पुसून गेली होती, माती दिसत होती. मी आपांना म्हटलं, जरा सगळ्यांना खाली बघायला सांगा. सगळ्यांनी खाली बघितलं. 

कमलबाई म्हणाल्या, "म्या तर हिच्यासाठी म्हणलं होतं भित्त. हिला आवघडल्यागत होईल म्हणून."

कौसर म्हणाली, "और मैं तुम्हारे वास्ते बोली."

मग जो हशा पिकला! आपा पोट धरून खाली बसल्या. मॅडमना मराठी येत नाही, दखनी येत नाही, पण त्याही हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. माझं तर विचारू नका.

पण हसून झाल्यावर कमलबाईंनी पदर खोचला. "ते खरं. पण ताई, पोरांच्या आईबापाला मी सांगितलेलं हाय, माझा तवा येगळा, भांडी येगळी. ते तसंच पायजे."

"हौ, वो तो होनाच," कौसर लगेच म्हणाली. "जबान दिली तर दिली."

तेव्हा आपा उठल्या, पुसलेल्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि तळहात आडवा करून कमरेला लावला. "इतकी. हितक्या उंचीची भिंत. वरती कडप्पा. भांडी आपल्या बाजूला, बोलनं दोन्ही बाजूला."

मॅडमनी मला अर्थसुद्धा विचारला नाही. पेन्सिल चालायला लागली होती.

माझ्या धंद्याची सवय म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकेकीला पुन्हा फोन केला. चारचौघींच्या हसण्याखालीही कुणाचं तरी म्हणणं दडपतं. तसंच निघालं. कमलबाईंच्या शेजारी बसणारी एक बाई, पटांगणात तोंडातून शब्द काढला नव्हता, ती हळूच म्हणाली, "भित्त कमी केली ते चांगलं झालं. पण आमच्या बाजूला नळ येगळा द्या म्हणावं. माझी सासू इचारती." मी तिला का म्हणून विचारलं नाही. दोन्ही बाजूला दोन नळ लिहिले, तिचं नाव लिहिलं नाही.

मग संस्थेपुढं बोलायची वेळ आली. पडद्यावर पाच-सहा मोठी माणसं. एक जण म्हणाले, "तुमच्याच अहवालात सगळ्यांनी भिंत मागितली आहे, असं होतं ना?" रास्त प्रश्न होता.  मग आठवलं, की बोलायचं कशाला, दाखवायचं. पटांगणाचं चित्रण लावलं. पावलं भिंतीतून जाताना त्यांनी बघितली. ते साहेब पुढं सरकले. मी म्हटलं, "सर, त्या खोटं बोलल्या नव्हत्या. प्रत्येक बाई दुसरीची काळजी करत होती. फोनवर आम्हाला काळजी ऐकू आली, चालणं दिसलं नव्हतं." बोलून झालं आणि मी मराठीत बोलले हे मला नंतर कळलं. मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. नकाशा बदलून पक्का झाला. धूर जायची बाजूही त्याच दिवशी ठरली. वाऱ्याकडं बघून, कारण पटांगणात जाळ कुठं वाकत होता ते सगळ्यांना दिसलं होतं.

आज ते स्वयंपाकघर उभं आहे आणि चालू आहे. खोली सोडावी लागलेल्या दोघी तिथंच डबे करतात. कडप्प्यावर दुपारी चहा असतो, निवडायची मेथी असते, कौसरची पोर आता त्या भिंतीला धरून उभी राहते. आईला मी या नव्या स्वयंपाकघराचं चित्रण दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "धूर कुठं दिसंना गं." माझ्यासाठी बक्षीस तेवढंच पुष्कळ.

काम संपलं त्या दिवशी यादीतल्या सगळ्यांचं बोलणं झालं होतं. फक्त आपांचं नाव यादीत नव्हतंच, कारण त्या सगळ्यांना बोलतं करणाऱ्या. मी फोन लावला, म्हटलं, "आपा, आता तुमचं सांगा. तुम्ही डब्यात कशा आलात, शिलाईची मशीन का सोडली, सगळं."

त्या हसल्या. "न्हाई बेटा. बाकीच्यांचं फोनवर मावलं, माझं मावायचं न्हाई. ऐकायचं आसंल तर हिथं येऊन बस. घाईत नको येऊ."

मी नोकरी, पोरांची शाळा, रजा, गाडीतली गर्दी, सगळी कारणं सांगितली. आपा फक्त "हौ" म्हणत राहिल्या.

आपा, हा अंक कुणाकडून तरी वाचून घ्याल, म्हणून इथंच लिहून देते. उन्हाळ्यात पोरांना सुट्टी लागली की मी येणार आहे. औशाला आईला भेटून तिथूनच नांदेडची एसटी धरणार. प्रश्न आणणार नाही, फोन पिशवीत ठेवीन. दुपारचे डबे गेले की तुम्ही सुरू करा. संपेल तेव्हा संपेल. मी ऐकायला येतेय.